साप चावला तर: मिरगाआधी घरात ठरवून ठेवायच्या गोष्टी

काकीला फुरसं चावलं तेव्हा मी नववीत होते. मिरग लागून आठवडा झाला होता. संध्याकाळी चुलीसाठी शेणी काढायला ती मांगराकडे गेली आणि उजव्या हाताचं मधलं बोट झटकतच बाहेर आली. चावलेलं जनावर वीत-दीड वीत लांबीचं, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं कोणी मनावरच घेतलं नाही. मग बोट सुजलं, सूज मनगटावर चढली आणि घरात बैठक भरली. एकाचं म्हणणं, वरच्या वाडीतला म्हातारा मुळी देतो. दुसऱ्याचं, मारुतीच्या देवळात नेऊन निजवा. तिसरा रिक्षा कोणाची आणायची यावर अडलेला. एवढ्यात पाऊण तास गेला. पहिल्या दवाखान्यात पोचलो तर तिथे लस संपलेली. दुसरीकडे पहिली बाटली सलाइनला लागली तेव्हा चावून तीन तास होऊन गेले होते. हात इतका सुजला होता की पाटल्या मांसात रुतल्या आणि वॉर्डबॉयला पक्कड आणून त्या कापाव्या लागल्या.

काकी वाचली. बोटाचं वरचं पेर गेलं. भाकरी थापताना ते आखूड बोट अजून वेगळं दिसतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट सारखी टोचते. त्या तीन तासांत आम्ही जे जे ठरवत बसलो, त्यातलं सगळं मे महिन्यात आंबे पिकत घालताना ठरवून ठेवता आलं असतं. कुठल्या दवाखान्यात, कोणाच्या गाडीने, सोबत कोण, पैसे कुठे ठेवलेत. साप आपल्या हातात नसतो, पण हे असतं. म्हणून हा लेख सापांच्या माहितीपेक्षा वेळ वाचवण्याबद्दल जास्त आहे.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि बहुतेक खेड्यांतले. म्हणजे तयारी कधी करायची याचं उत्तर पंचांगातच आहे.

मे महिन्यात: दोन फोन आणि एक कागद

पहिलं काम सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून कोणी करत नाही. तुमच्या घरापासून जवळच्या सरकारी दवाखान्यांची नावं काढा: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी जाऊन किंवा फोन करून तीन प्रश्न विचारा. सापाची लस आहे का, आणि किती बाटल्या आहेत? रात्री दोन वाजता आलो तर डॉक्टर असतील का? श्वास अडकला तर तुमच्याकडे व्हेंटिलेटर आहे, की पुढे पाठवता आणि कुठे?

बाटल्यांचा आकडा विचारायचा तो यासाठी: विष चढल्याची लक्षणं असतील तर सुरुवातीलाच आठ ते दहा बाटल्या लागतात. ज्या केंद्रात दोन बाटल्या आहेत ते 'आमच्याकडे लस आहे' असंच सांगेल आणि ते खोटंही नसेल. असं विचारलं तर लोक चिडतील असं मला आधी वाटायचं. उलट आमच्या केंद्रातल्या सिस्टरने कपाट उघडून दाखवलं आणि साठा कमी आहे म्हणून मागणीही त्याच दिवशी लिहिली. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा विचारा, कारण तोवर साठा खाली आलेला असतो.

जवळ म्हणजे अंतराने जवळ नव्हे, लस मिळेल अशी सगळ्यात जवळची जागा. सावंतवाडी-दोडामार्गकडची बरीच माणसं रुग्णाला घेऊन थेट बांबोळीची वाट धरतात. गोव्याचं ते हॉस्पिटल मोठं आहे हे खरं, पण वाटेतल्या सरकारी दवाखान्यात लस असताना तिला ओलांडून दोन तास पुढे जाण्यात अर्थ नाही. पहिला डोस जवळ घ्या आणि पुढचा प्रवास लस सुरू करून करा.

दुसरं, गाडी. १०८ ला फोन लावायचाच. पण दुर्गम वाडीत रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून वाडीतल्या दोन गाडीवाल्यांशी आधीच बोलून ठेवा. 'मध्यरात्री हाक मारली तर याल ना' एवढं उन्हाळ्यात विचारलेलं असलं, की पावसात कोणी दार उघडायला कां-कूं करत नाही. गाडी वाडीपर्यंत येत नसेल तर डांबरी रस्त्यापर्यंत माणसाला कशावर न्यायचं तेही ठरवा. खुर्ची चालते. मजबूत चादर आणि दोन बांबू चालतात.

मग हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चुलीच्या धुरापासून लांब, लहान पोराच्या नजरेच्या उंचीवर चिकटवा. बहुतेक वेळा घरात म्हातारी आणि शाळकरी पोरंच असतात, बाकीचे मुंबईला. कागद त्यांना वाचता यायला हवा.

घराभोवती

साप तुमच्या घरी तुमच्यासाठी येत नाही. उंदीर, बेडूक, पाली आणि अडचण यांसाठी येतो. भाताची कणगी, कोंबड्यांचा खुराडा, खरकटं टाकण्याची जागा, यांपैकी जिथे उंदीर आहे तिथे पुढेमागे साप येणारच.

लाकडाची खोप आणि शेण्यांची रास घराच्या भिंतीला लागून नको. जागा कमीच असेल तर निदान दोन चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर रचा, म्हणजे खालचं दिसतं. लाकूड काढताना आधी लांब काठीने रास हलवायची, थोडं थांबायचं आणि मग वरून काढायचं, मधून ओढायचं नाही. आणि उजेडात. काकीच्या बाबतीत उजेड जेमतेम होता, आणि हात राशीच्या आत होता.

कोकणात गडगा ही फुरशाची आवडती जागा. जांभ्याचे सुटे दगड, त्यात उन्हाने तापलेल्या फटी. गडगा काढून टाका असं मी सांगणार नाही, कोणी काढणारही नाही. पण घराच्या पायऱ्यांपासून दहा-पंधरा पावलांतला गडगा पावसाआधी साफ करून फटी बुजवता येतात. देशावर हीच गत कडब्याच्या गंजीची आणि विटांच्या ढिगाची.

मोरीच्या नळीला जाळी लावा. दाराखाली बोट जाईल एवढी फट असेल तर तिला रबराची पट्टी मारा. खिडकीवर चढलेली वेल आणि कौलांना टेकलेली फांदी तोडा. दारावरच्या दिव्याकडे किडे येतात, किड्यांमागे पाल आणि बेडूक, त्यांच्यामागे साप. दिवा दारापासून दोन हात लांब खांबावर गेला तर पायरी मोकळी राहते आणि उजेडही पडतो.

सापाला पळवण्याच्या पावडरी, फिनेल, डांबराच्या गोळ्या, घराभोवती कार्बोलिक ॲसिडची रेघ: यातल्या कशाचाही भरवसा धरू नका. फोरेटचे दाणे टाकण्याची पद्धत तर घातकच. ते कीटकनाशक इतकं जहाल आहे की भारतात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. सापाआधी घरची कोंबडी, कुत्रा आणि रांगतं मूल यांचाच त्याच्याशी संबंध येतो.

रात्र आणि अंथरूण

इथे थोडं थांबून सांगते, कारण मण्यारीबद्दल लोकांना सगळ्यात कमी ठाऊक असतं आणि सगळ्यात गुपचूप माणूस नेणारा साप तोच.

मण्यार रात्री फिरते. काळी-निळसर, चकचकीत, अंगावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. ती जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि कूस बदलताना दाबली गेली की चावते. तिचे दात इतके बारीक की दुखत नाही, सुजत नाही, कधीकधी खूणही सापडत नाही. माणूस डास चावला म्हणून खाजवतो आणि पुन्हा झोपतो. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घसा धरल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या मिटायला लागतात, झोप आल्यासारख्या. खरं तर त्या पापण्या त्याला उचलताच येत नसतात.

म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कोणी पहाटे पोटदुखी, गिळायला त्रास आणि जड पापण्या घेऊन उठलं, तर अंगावर खूण नसली तरी मण्यार धरूनच निघा.

यावर उपाय साधा आहे: खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी नुसती सोडायची नाही, गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, आणि तेही अंधार पडायच्या आधी. खाट परवडत नसेल तर जमिनीवरच्या अंथरुणालाही खोचलेली मच्छरदाणी बरंच काम करते. पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नका. खाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. लग्नाकार्यात, गणपतीत पडवीभर पाहुणे ओळीने झोपतात तेव्हा आम्ही पडवीच्या कडेची जागा रिकामी ठेवतो आणि मधला दिवा चालू राहू देतो. पाहुण्यांची कुरकुर होते.

उठताना आधी बॅटरी, मग पाय. उशाखाली बॅटरी हवीच, मोबाइलचा उजेड चालतो पण तो हमखास चार्जिंगला दुसऱ्या खोलीत असतो. बूट, गमबूट, हेल्मेट आणि शाळेचं दप्तर सकाळी उलटं करून आपटायचं. हे पोरांना एकदा खेळासारखं शिकवलं की ती म्हाताऱ्यांना शिकवतात.

शेतात आणि बागेत

चावे बहुतेक पायाला होतात, घोट्याच्या आसपास. त्यामुळे गमबूट हे सगळ्यात स्वस्त संरक्षण. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतात आणि बायका ते घालत नाहीत हे मला माहीत आहे, मीही घालत नाही. पण बांधावरून चालताना, गवत कापताना, काजू-सुपारीच्या बागेत पाला उपसताना आणि भातकापणीला तरी घाला. पुढे काठी आपटत चाला. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीचा हादरा त्याला कळतो आणि बहुतेक साप वाट सोडतात.

सोडत नाही ती घोणस. ती जाड अंगाची, पाठीवर साखळीसारखे गडद ठिपके, जागेवर बसून कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकते. हा आवाज आला की पुढचं पाऊल टाकायचं नाही, आलो तसं मागे जायचं. फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखी खरखर करतं. नाग फणा काढतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडची लस चालते. सुपारीच्या बागांत, वेलींवर दिसणारा हिरवा चापडा या चौघांत नाही. त्याच्यावर ही लस लागू पडत नाही, पण दवाखान्यात तरीही जायचंच, कारण सूज, वेदना आणि रक्तस्राव यांवर तिथे उपचार होतात.

साप ओळखता आला तर चांगलं, पण ओळखीवर निर्णय टांगू नका. बिनविषारी कवड्याच्या अंगावरही पांढरे पट्टे असतात. फरक एवढाच की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे बहुधा उलटे. हा फरक कोणी रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात, थरथरत्या हातांनी तपासू नये. चावला की निघायचं.

चावल्यावर पहिली दहा मिनिटं

सापापासून बाजूला व्हा. त्याच्या मागे लागू नका, मारत बसू नका, पिशवीत घालून दवाखान्यात आणू नका. डॉक्टर लक्षणं बघून लस देतात, साप बघून नव्हे. लांबून सहज फोटो निघाला तर काढा, नाही निघाला तर सोडा.

घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. हातावर पेनाने लिहिली तरी चालेल.

चावलेल्या माणसाला बसवा किंवा आडवं करा, आणि चालू देऊ नका. चालण्याने स्नायू हलतात आणि विष लवकर पसरतं. धीर द्या, पण खोटा नको. 'काही नाही झालं' म्हणण्यापेक्षा 'बहुतेक साप बिनविषारी असतात, विषारीही दरवेळी विष सोडतोच असं नाही, आणि सोडलं असलं तरी औषध आहे, आपण निघालोय' असं सांगा. हे सगळं खरं आहे म्हणून पटतं.

बांगड्या, पाटल्या, अंगठी, जोडवी, पैंजण, घड्याळ, करदोटा, घट्ट कपडे लगेच काढा. जोडवी काढायला बाई तयार होत नाही, नवरा जिवंत असताना कशी काढू म्हणते. आमच्याकडे यावर सासूला पुढे करायचं असं ठरलं आहे. तिने काढायला सांगितलं की वाद राहत नाही. काकीच्या पाटल्या पहिल्या दहा मिनिटांत साबण लावून निघाल्या असत्या.

हात किंवा पाय लाकडी पट्टी, छत्री, गुंडाळलेलं वर्तमानपत्र, जे मिळेल ते लावून ओढणीने सैल बांधा, मोडलेल्या हाडाला बांधतात तसं. बोट आत जाईल एवढं सैल.

आता न करायच्या गोष्टी, कारण गर्दी जमली की याच आधी सुचतात. दोरीने करकचून आवळू नका. फुरसं आणि घोणशीच्या विषाने मांस सडतं, आवळल्याने ते सगळं एका जागी साठतं आणि रक्त तुटून हात-पाय जाण्याची वेळ येते. ब्लेडने चिरू नका, कारण ज्याचं रक्त गोठणंच बंद झालं आहे त्याला तुम्ही नवी जखम देत आहात. तोंडाने चोखू नका. कोंबडी लावू नका, बर्फ, पोटॅशियम, हळद, पाला काही लावू नका. मिरची किंवा कडुलिंब चघळायला देऊन चव कळते का बघण्याने काहीच कळत नाही. दारू तर अजिबात नको. आणि दुखतं म्हणून घरातली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढतो. फार दुखत असेल आणि गिळता येत असेल तर पॅरासिटामॉल चालतं.

तुम्ही पोचायच्या आधीच कोणी दोरी आवळली असेल तर ती वाटेत एकदम सोडू नका. साठलेलं विष झटक्यात अंगात जाऊ शकतं. ती दवाखान्यात, औषधं हाताशी ठेवून डॉक्टर सोडतील.

मांत्रिकाचं काय? त्याच्याकडे नेलेली बरीच माणसं बरी होतात, हे खोटं नाही. ती बरी होतात कारण चावलेला साप बिनविषारी होता किंवा विषारी असून त्याने विष सोडलंच नव्हतं. ज्याच्या अंगात विष गेलं आहे त्याला मुळी, उतारा, मंत्र यांनी फरक पडत नाही, आणि तो मेला की गाव म्हणतं 'उशीर झाला होता'. घरातलं वडीलधारं माणूस हट्टाला पेटलं तर भांडत बसू नका. 'तुम्ही देवाला नारळ ठेवा, आम्ही गाडीत बसतो' म्हणा. दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

रस्त्यात

रुग्णवाहिका येणार नसेल आणि चारचाकी नसेल तर मोटरसायकल चालते. चालवणारा पुढे, रुग्ण मधे, आणि मागे त्याला घट्ट धरून बसणारा तिसरा. रुग्णाला एकट्याला मागे बसवू नका, मान टाकली की पडतो. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर गाडीत डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनळीत जाणार नाही. खायला काही देऊ नका.

दवाखान्याला निघतानाच फोन करा: 'साप चावलेला माणूस आणतोय, अमुक वाजता चावला.' मग वाटेत तीन गोष्टी बघत राहा आणि लिहा. सूज कुठपर्यंत आली तिथे पेनाने रेघ मारा आणि बाजूला वेळ टाका. दर दहा मिनिटांनी मान न हलवता वर बघायला सांगा, पापण्या अर्ध्यावर येतात का? आणि एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला लावा. आधी तीसपर्यंत जाणारा पंधरावर अडकायला लागला तर श्वासाचे स्नायू थकत आहेत. पुढच्या डॉक्टरला ही टिपणं सोन्यासारखी. हिरड्यांतून रक्त, लाल किंवा तपकिरी लघवी, एकाची दोन दिसणं, बोबडं बोलणं, थुंकी गिळता न येणं, यातलं काही दिसलं तर त्याची वेळही लिहा.

दवाखान्यात

तिथे पोचल्यावर लगेच लस लावतातच असं नाही, आणि त्यावरून नातेवाइकांचा आरडाओरडा होतो. लस विष चढल्याची लक्षणं असतील तरच देतात, कारण तिचीही ॲलर्जी येऊ शकते. घोड्याला विषाचे लहान-लहान डोस देऊन त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिविषं वेगळी काढतात, ती ही लस. त्यासाठीचं विष कित्येक वर्षं मुख्यतः चेन्नईजवळच्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येत आलं आहे. ती संस्था १९७८ साली स्थापन झाली.

रक्ताची एक साधी तपासणी करतात: स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती वीस मिनिटं न हलवता ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर ते गोठत नाही, म्हणजे फुरसं किंवा घोणस असण्याची दाट शक्यता. ती वीस मिनिटं संपेपर्यंत नळी उचलून बघू नका आणि सिस्टरलाही घाई करू नका. मी केली होती.

लस लावायचं ठरलं की भुकटीच्या बाटलीत पाणी घालतात आणि बाटली तळहातांत फिरवतात. जोरात हलवली तर फेस होतो. अशा दहा बाटल्या. ते काम सावकाश दिसतं पण तसंच करायचं असतं. मग ती सलाइनमधून साधारण तासाभरात देतात. अंगावर गांधी, खाज, थंडी, उलटी, दम लागणं यातलं काही दिसलं तर लगेच सांगा. त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असतं, ते दिलं की लस पुन्हा चालू करतात.

लहान मुलाला मोठ्या माणसाइतक्याच बाटल्या लागतात. हे ऐकून आया घाबरतात, 'एवढ्याशा पोराला दहा?' म्हणतात. साप मूल बघून कमी विष सोडत नाही, आणि लस त्या विषाच्या मापाने द्यावी लागते. गरोदर बाईलाही लस देतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे.

लक्षणं नसली तरी निदान चोवीस तास देखरेखीखाली ठेवतात. सकाळी बरं वाटतंय म्हणून उठून घरी येऊ नका, मण्यारीचा त्रास कित्येक तासांनीही सुरू होतो.

आणि एक गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली नव्हती. मण्यारीने पूर्ण लुळा पडलेला माणूस मेल्यासारखा दिसतो. डोळे उघडत नाहीत, हात उचलत नाहीत, बाहुल्याही उजेडाला प्रतिसाद देत नाहीत. पण त्याला ऐकू येत असतं. व्हेंटिलेटरवर तग धरून अशी माणसं काही दिवसांनी उठून बसतात. त्याच्या खाटेशेजारी उभं राहून 'संपलं आता' असं कोणी बोलू नये. त्याचं नाव घेऊन बोलत राहा.

घरी आल्यावर

लस घेतल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ येऊ शकतं. ते नवं विष नव्हे, लसीचीच प्रतिक्रिया, पण डॉक्टरांना दाखवा. घोणस चावली असेल तर लघवी कमी होते का याकडे काही दिवस लक्ष ठेवा, कारण ती मूत्रपिंडावर जाते. काळी पडलेली जखम घरी कोरू नका.

दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा. शेतकरी कुटुंबात सर्पदंशाने मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अर्ज करता येतो, मृत्यूच्या बाबतीत दोन लाख रुपये. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात लवकर चौकशी करा, आणि मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन टाळू नका. दुःखात 'आता चिरफाड कशाला' म्हणून ते नाकारलेली दोन घरं मला माहीत आहेत. दोघांचेही अर्ज अडकले.

साप दिसला, चावला नाही

मुलं आणि कुत्रा आत घ्या. एकाने सहा-सात फुटांवरून सापावर नजर ठेवायची, बाकीच्यांनी गोंधळ करायचा नाही. नजर सुटली की तो कपाटामागे गेला की बाहेर, हेच कळत नाही आणि मग रात्रभर कोणी झोपत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवा. त्याचाही नंबर त्या भिंतीवरच्या कागदावर असू दे. सर्पमित्राने फणा धरून मुलांसोबत फोटो काढायची हौस केली तर स्पष्ट नको म्हणा. साप पकडणं किंवा मारणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे, आणि पकडायला गेलेल्याच्या हातालाच चावा जास्त होतो.

कोणी मारलाच असेल तरी त्याच्या डोक्याला हात लावू नका. धडावेगळं झालेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं. लांब काठीने खड्ड्यात ढकला आणि माती लोटा, आणि पोरांना हे काम देऊ नका.